छतावर सोलर बसवताय? आधी सावली मोजा

चंद्रपूर-गडचिरोलीत उन्हाची कमतरता नाही, तशी झाडांचीही नाही. म्हणून दुकान, वर्कशॉप वा घरावर सोलर पॅनेल बसवू इच्छिणाऱ्या व्यापारी व कारागीर बांधवांनी पैसे मोजण्यापूर्वी सावली मोजावी. पॅनेल सुमारे २५ वर्षे टिकतात. जागा चुकली तर तोटाही तितकीच वर्षे सोसावा लागेल.

पॅनेलमधील सेल साखळीसारखे एकमेकांना जोडलेले असतात. एका सेलवर सावली पडली की साखळीतील प्रवाह अडतो. त्यामुळे एका फांदीच्या सावलीने उन्हातल्या भागाचीही वीज घटते.

उन्हाळ्यात छत पाहून निर्णय घेऊ नये. मे महिन्यात दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, सावली बुंध्यापाशीच पडते. सागाची पानेही गळालेली असतात. खरी परीक्षा २२ डिसेंबरच्या सुमारास होते. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सागावर पाने असतात. चिंच तर जवळजवळ बारमाही हिरवी. त्या दिवसांत सकाळी नऊ, दुपारी बारा व तीन वाजता स्लॅबवर सावलीच्या कडा खडूने आखाव्यात.

डिसेंबरपर्यंत थांबणे शक्य नसेल तर काठीने हिशेब करावा. सहा फुटी काठीची सावली चार फूट आणि त्याच वेळी सपाट जमिनीवर झाडाची सावली २० फूट असेल, तर झाड ३० फुटांचे. स्लॅब १२ फुटांवर असल्यास झाड त्याच्यावर १८ फूट उरते. डिसेंबरात दुपारी बाराला या १८ फुटांची सावली उत्तरेकडे सुमारे १७ फूट पडेल. सकाळी नऊला वायव्येकडे व दुपारी तीनला ईशान्येकडे सुमारे ३३ फूट. झाड वाढते आहे, हेही हिशेबात धरावे.

दक्षिण, पूर्व व पश्चिमेकडील झाडे अडचणीची. उत्तरेकडील झाडाचा त्रास फार कमी.

मात्र थेट कुऱ्हाड उचलू नये. साग, मोह, चिंच, आंबा ही झाडे स्वतःच्या जागेत असली तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते. शहरात १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदाही आहे. त्यापेक्षा पॅनेल सरकवावेत, संख्या कमी करावी किंवा प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रो-इन्व्हर्टर लावावा. त्याने एकाची सावली दुसऱ्याला बाधत नाही, पण खर्च वाढतो.

कोटेशन घेताना सावली धरून वर्षाला किती युनिट मिळतील, हे लेखी मागावे.