कालव्यांच्या शहरात एक दिवस



कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पाटबंधारे खात्याचा सिमेंटचा पाट, आवर्तन कधी सुटणार याची वाट बघणं, आणि टेलच्या गावाला पाणी पोचलं की नाही यावरून होणारी भांडणं. आपला कालवा शेताला पाणी नेतो. आज ज्या शहराबद्दल बोलणार आहे, तिथं पाण्याला तोटाच नाही. तिथला कालवा खणला तो माल नेण्यासाठी. म्हणजे तो त्या शहराचा रस्ता होता.

हे शहर म्हणजे केरळातलं आलप्पुळा. जुनं नाव अलेप्पी. आपल्याकडचे बरेच बचत गट आता अभ्यास सहलीला केरळला जातात, कुडुंबश्रीचं काम बघायला. मुक्काम कोचीला किंवा एर्नाकुळमला असतो. दोन दिवस बैठका होतात आणि एक दिवस "फिरण्यासाठी" म्हणून आलप्पुळाला ठेवलेला असतो. मग काय, हाऊसबोटीत बसायचं, फोटो काढायचे, नारळपाणी प्यायचं आणि परत. मला विचाराल तर त्या एका दिवसात बैठकीपेक्षा जास्त शिकायला मिळू शकतं. फक्त कुठं बघायचं आणि काय विचारायचं ते आधी ठरवून जायला हवं.

आधी शहराची रचना समजून घेऊ. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला वेंबनाड नावाचा मोठा तलाव, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आलप्पुळा. आतल्या भागातून मिरी, आलं, वेलदोडे, भात, नारळ हे सगळं होडीतून तलावापर्यंत यायचं. पण जहाज तर समुद्रात उभं. मधली पट्टी कशी ओलांडायची? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्रावणकोरच्या राज्यात राजा केशवदास नावाचे कर्तबगार दिवाण होऊन गेले. नावात राजा आहे, पण पद दिवाणाचं. आलप्पुळा बंदर उभारण्याचं श्रेय त्यांनाच देतात. त्या काळात तलावाकडून समुद्राकडे जाणारे दोन समांतर कालवे झाले. एक वाडई कालवा, दुसरा कमर्शियल कॅनॉल, म्हणजे व्यापारी कालवा. काठावर गोदामं उभी राहिली. दिवाणांनी गुजरात, कच्छ आणि मुंबईकडच्या व्यापाऱ्यांना बोलावून वसवलं. आजही तिथं गुजराती गल्ली आहे, जैन मंदिर आहे. जाल तेव्हा जरूर बघा. आपल्या बाजूची माणसं पोटासाठी किती लांब गेली होती ते कळतं.

आणखी एक गोष्ट मला फार नवलाची वाटली. या किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशी मऊ चिखलाचे थर आहेत. त्या चिखलामुळे लाटांचा जोर मोडतो, आणि ऐन पावसाळ्यातही तेवढा समुद्र शांत राहतो. बाकीच्या किनाऱ्यावर होडी घालायची सोय नसे, तेव्हा इथं जहाजं नांगर टाकून उभी राहायची. म्हणजे बंदर चाललं ते चिखलाच्या जिवावर.

१८६२ साली समुद्रात लांबवर जाणारा धक्का बांधला, त्याच सुमाराला दीपगृह झालं. आज त्या धक्क्याचे नुसते गंजलेले लोखंडी खांब पाण्यात उभे दिसतात. पुढे १९२० आणि १९३० च्या दशकांत कोचीचं बंदर खोल करून मोठं केलं, रस्तेही झाले आणि जहाजं तिकडं गेली. बाजार हलला की गावाचं काय होतं ते आपल्यालाही माहीत आहे. एसटीचा मार्ग बदलला तरी चौकातली चहाची टपरी बसते, इथं तर अख्खं बंदर गेलं.

आता काथ्याकडे येते, कारण आपल्या दृष्टीनं आलप्पुळाचं खरं महत्त्व तिथं आहे. १८५९ साली जेम्स डॅरा नावाच्या गोऱ्या व्यापाऱ्यानं इथं काथ्याच्या चटया विणायचा कारखाना काढला. भारतातला तो पहिला. मग कारखान्यांची रांगच लागली. पण कारखान्यात चटई विणायला घेण्याआधी सूत लागतं, आणि ते सूत घराघरांत बायका काढत. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात सहा ते दहा महिने कुजत घालायची. तो वास काय असतो, सांगून कळणार नाही. मग ती सोडणं बाहेर काढायची, लाकडी दांड्यानं बडवायची, तंतू सुटे करायचे, वाळवायचे, आणि राटावर पीळ देत सुंभ काढायचा. एकजण राट फिरवणार, दुसऱ्या दोघी तंतू सोडत सोडत उलट्या पावलांनी मागं जाणार. दिवसभरात त्या किती चालत असतील हा हिशेब कुणी ठेवला असेल असं वाटत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आलप्पुळाच्या कामगारांनाही ती लागू पडते. १९२२ साली याच शहरात काथ्या कामगारांची संघटना उभी राहिली, केरळातल्या सगळ्यात जुन्या कामगार संघटनांपैकी एक. १९४६ साली पुन्नप्रा आणि वयलार इथं काथ्या कामगार आणि शेतमजूर सरकारी फौजेसमोर उभे राहिले, अनेकांचे जीव गेले. त्यांची स्मारकं आहेत. बहुतेक गाईड ती आपणहून दाखवत नाहीत, विचारावं लागतं.

हे सगळं एका जागी बघायचं तर कलवूर इथं काथ्या मंडळाचं संग्रहालय आहे. कोचीहून आलप्पुळाला येताना ते वाटेतच लागतं, म्हणून सकाळी आधी तेच उरकावं. कोणत्या दिवशी बंद असतं ते आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या. तिथं महिला कॉयर योजनेची माहितीही मागा. काथ्या काढायचं प्रशिक्षण आणि यंत्रासाठी मदत अशी ती योजना आहे. आपल्या कोकणातल्या गटांना तर ती थेट उपयोगी पडेल.

गावात शिरल्यावर गाईडला सांगा, आम्हाला समुद्रापासून सुरू करायचं आहे. गाईडला हे जरा विचित्र वाटतं, त्यांची गाडी थेट बोटीच्या धक्क्याकडे वळते. पण समुद्रातले ते खांब, मग किनाऱ्यावरची जुनी गोदामं, मग कालव्याच्या काठाकाठानं बोटीच्या धक्क्यापर्यंत असं गेलं की मालाचा सगळा रस्ता डोळ्यांसमोर येतो, फक्त उलट्या दिशेनं. ऊन सोसत नसेल त्यांनी रिक्षा करावी. कालव्याचा थोडा तरी तुकडा मात्र पायी करा.

आणि चालताना पाण्याकडेही बघा. व्यापार गेल्यावर या कालव्यांचं गटार झालं. घराघरांतलं सांडपाणी, दुकानांचा कचरा, वर जलपर्णीचं गालिचं. पालिका गाळ काढायची, पाऊस झाला की पुन्हा तेच. शहराचा कचरा जवळच्या सर्वोदयपुरम नावाच्या गावात नेऊन टाकायचे. २०१२ साली त्या गावानं गाड्या अडवल्या. आमच्या दारात तुमची घाण नको, असं सरळ सांगितलं. रस्त्यावर कचऱ्याचे ढीग साचले, तेव्हा शहराला जाग आली. मग घरीच ओला कचरा जिरवायचा असं ठरलं. कुणाकडे छोटा बायोगॅस, कुणाकडे खताचा पाइप, ज्यांच्याकडे जागा नाही त्यांच्यासाठी वॉर्डात खताच्या पेट्या. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागानं कचरा व्यवस्थापनासाठी जगातल्या ज्या पाच शहरांचं नाव घेतलं, त्यांत आलप्पुळा होतं. त्याच वर्षी आपल्या मुंबईच्या आयआयटीची मंडळी आणि केरळची स्थानिक प्रशासन संस्था यांनी मिळून कालव्यांचा अभ्यास हाती घेतला. विद्यार्थ्यांनी फिरून कोणत्या घरातून काय पाणी कालव्यात येतं त्याचे नकाशे केले. निष्कर्ष साधा होता. कालवा साफ करायचा तर घरातून सुरुवात करावी लागते, नुसता गाळ काढून भागत नाही.

सगळे कालवे स्वच्छ झालेत असं मात्र समजू नका. काही ठिकाणी आजही नाकाला पदर लावावा लागतो. गाईड ती जागा टाळतो, तुम्ही टाळू नका.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. कुडुंबश्री १९९८ च्या मे महिन्यात मलप्पुरमला सुरू झाली, तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी उद्घाटनाला होते. हे आपल्याला प्रशिक्षणात सांगतात. पण तिचं बी त्याआधीच, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, या आलप्पुळा शहरातल्या वस्त्यांत पडलं होतं. मुलांच्या पोषणाचा एक कार्यक्रम होता, युनिसेफची मदत होती. गरीब कोण हे ठरवायचं कसं, यावर तिथं एक युक्ती निघाली. उत्पन्न विचारलं की कुणी खरं सांगत नाही. म्हणून डोळ्यांना दिसतील अशा नऊ खुणा ठरवल्या. कच्चं घर आहे का, संडास आहे का, पिण्याचं पाणी जवळ आहे का, दोन वेळचं जेवण होतं का, कमावतं माणूस एकच आहे का, घरात दारूचं व्यसन आहे का, पाच वर्षांखालचं मूल आहे का, अशा. नऊपैकी चार खुणा लागल्या तर ते घर गरीब. आणि हे ठरवायचं शेजारच्या बायकांनी, तलाठ्यानं नव्हे. याच शेजारगटांतून पुढं वॉर्डाची आणि शहराची समिती तयार झाली. आपला गट, ग्रामसंघ आणि प्रभागसंघ ही चढण बघा, तीच दिसेल. आपल्याकडे घरकुलाच्या यादीवरून किती रामायणं होतात! ती यादी डोक्यात ठेवून या नऊ खुणांबद्दल तिथल्या बायकांना विचारा. शक्य असेल तर एखाद्या शेजारगटाच्या बैठकीची वेळ आधी मागून घ्या.

दुपारनंतर बोट. हाऊसबोट म्हणजे मूळची भाताची वाहतूक करणारी होडी, केट्टुवळ्ळम. केट्टु म्हणजे बांधलेलं, वळ्ळम म्हणजे होडी. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसतात, काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या असतात. पण दिवसाच्या सहलीसाठी मी हाऊसबोट घ्या म्हणणार नाही. ती मोठी, अरुंद पाटात शिरत नाही, आणि पैसे अव्वाच्या सव्वा. एका सहलीत आमच्या एजंटानं बोटीचं भाडं एक सांगितलं आणि उतरताना जेवणाचं वेगळं लावलं. बायकांनी तिथंच धक्क्यावर हिशेबाची वही उघडून बसकण मारली, तेव्हा ते कमी झालं. बोट ठरवताना भाडं माणशी की बोटीमागं, किती तास, जेवण धरून की सोडून, हे कागदावर घ्या. बोटीचा परवाना आणि लाइफ जॅकेट बघा. संडासाचं पाणी टाकीत जातं की तलावात, हेही विचारा.

त्यापेक्षा स्वस्त आणि चांगला मार्ग सरकारी बोटीचा. केरळच्या राज्य जलवाहतूक खात्याचं मुख्य कार्यालयच आलप्पुळात आहे. बोटीचा धक्का एसटी स्टँडजवळ आहे. आपल्या लालपरीसारखीच ती बोट थांबे घेत जाते. शाळेची पोरं, बाजाराच्या पिशव्या, मासे घेऊन निघालेल्या बायका, सगळे त्यात. तिकीट बसच्या तिकिटाइतकंच. नेडुमुडी किंवा कावालमकडे जाणारी बोट घ्या आणि कुट्टनाड बघा. तिथं भाताची शेतं समुद्रसपाटीपेक्षा खाली आहेत. बोट वर आणि शेत खाली, मध्ये मातीचा बांध. पंपानं पाणी उपसून शेती करतात. अन्न आणि शेतीच्या जागतिक संघटनेनं २०१३ साली या शेतीला वारसा म्हणून मान दिला आहे. दुष्काळी भागातल्या आमच्या बायका ते बघून गप्पच झाल्या. आपण पाणी शेतात आणायला झटतो, ते बाहेर काढायला.

गाईड परवानाधारकच घ्या, जिल्हा पर्यटन परिषदेच्या कार्यालयात चौकशी करता येते. हिंदी नीट बोलणारा हवा हे आधी सांगा. त्याचं मानधन आणि दुकानात नेणार नाही ही अट, दोन्ही सकाळीच बोलून घ्या. पंधरापेक्षा जास्त बायका एका गाईडमागं नकोत, मागच्यांना ऐकू येत नाही. चौघींच्या टोळ्या करा: एक टोळी काथ्याचं विचारणार, एक कचऱ्याचं, एक गटांचं. कुणाचा फोटो काढायचा तर हातानं खूण करून आधी विचारा. तिथं मोठ्या बाईला चेची म्हणतात, म्हणजे ताई. एवढा एक शब्द आला तरी समोरची हसून बोलते.

जून ते सप्टेंबर तिकडं पाऊस जोराचा असतो. ऑगस्टमध्ये पुन्नमडा तलावावर सापासारख्या लांब होड्यांची शर्यत भरते, तेव्हा गर्दी आणि भाव दोन्ही चढतात. परतीची बोट किती वाजता सुटते ते जातानाच खिडकीवर विचारून हातावर लिहून ठेवा, कारण पलीकडच्या काठावर मराठीत विचारायला कुणी नसतं. आणि आपल्या गटाची बैठकीची वही बरोबर न्या. तिकडच्या बायका बचत किती, व्याज किती टक्के, थकलं तर काय करता, असं सगळं विचारतात.