काय-वर्ग चाचणीची निवड

वर्गीकृत सामग्रीसाठी कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये मांडलेली काय-वर्ग चाचणी निवडताना कोष्टकाच्या आकारापेक्षा नमुना कसा घेतला, हे पाहणे आवश्यक ठरते. एका चलाच्या निरीक्षित वारंवारता अपेक्षित प्रमाणाशी ताडावयाच्या असल्यास जुळणीची चाचणी घ्यावी. एकाच नमुन्यातील दोन गुणांचा संबंध स्वातंत्र्य चाचणीने, तर स्वतंत्रपणे निवडलेल्या गटांतील साम्य एकजिनसीपणाच्या चाचणीने तपासावे. दोहोंचे गणित सारखेच, परंतु निष्कर्षाचा अर्थ भिन्न असतो. अपेक्षित वारंवारता ५ पेक्षा कमी असल्यास फिशर यांची अचूक चाचणी इष्ट होय. प्रशिक्षणापूर्वीचे व नंतरचे उत्तीर्ण-अनुत्तीर्ण निकाल त्याच विद्यार्थ्यांचे असल्यास मॅकनेमार यांची १९४७ मधील चाचणी वापरावी. अन्यथा १०० विद्यार्थी २०० गणले जाऊन निष्कर्षच निराधार ठरतो.