वेळेवर 'नाही' म्हणणारे जाळे

"या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत. कृपया थोड्या वेळाने डायल करा." एसटीडी बूथचा काळ पाहिलेल्या पुणेकराला हे वाक्य अजून पाठ असेल. रात्री अकरा वाजले की एसटीडीचा दर पावपट होई आणि डेक्कनपासून स्वारगेटपर्यंत पिवळ्या पाट्यांच्या बूथसमोर रांगा लागत. नागपूर, सोलापूर, जळगावकडचे कॉल एकदमच निघत. दोन-चार वेळा हे वाक्य ऐकले की माणूस रिसीव्हर आपटून टेलिफोन खात्याचा उद्धार करी. पण ही ध्वनिमुद्रित बाई बोलत होती तोवर यंत्र ताळ्यावर होते. तीही बोलेनाशी झाली आणि डायल टोनसुद्धा येईना, तर खरी पंचाईत.

किती कॉल लागतात यावरून आपण टेलिफोन सेवेला गुण देतो. भार झेपेनासा झाल्यावर ती कोणाला, किती लवकर आणि कुठे थांबवते, हे क्वचितच पाहतो. हे थांबवण्याचे आणि वाट बदलण्याचे काम सिग्नलिंग यंत्रणेचे. आपल्याकडच्या एक्सचेंजमध्ये तिला 'सीसीएस सेव्हन' म्हणतात, बाहेर 'एसएस सेव्हन'. सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८० मध्ये तिच्या शिफारशी छापल्या. मोबाइलच्या जमान्यातही याच यंत्रणेने जगातल्या बहुतेक कॉलचा कारभार पाहिला.

बाजीराव रोडच्या टेलिफोन भवनातून नागपूरला निघालेला एक कॉल घेऊ. बोलणे सुरू होण्याआधी एक निरोप पुढे जातो: आयएएम. कोणाला फोन हवा आहे, कोणती वाहिनी राखली आहे, एवढे त्यात असते. पलीकडे घंटी वाजली की एसीएम येतो, फोन उचलला की एएनएम. बिलाचे मीटर फिरू लागते ते या एएनएमवर. फोन ठेवला की आरईएल आणि त्याची पोच आरएलसी. असा पाच निरोपांत संसार आटोपतो. हे निरोप आवाजाच्या वाहिनीवरून जात नाहीत. त्यांच्यासाठी ६४ किलोबिटची वेगळी सिग्नलिंग लिंक असते आणि एका लिंकवर शेकडो वाहिन्यांचा कारभार चालतो.

आरईएलसोबत कारणाचा आकडा येतो. १६ म्हणजे नेहमीप्रमाणे फोन ठेवला, १७ म्हणजे समोरचा दुसऱ्याशी बोलतो आहे, ३४ म्हणजे मार्गावर वाहिनी शिल्लक नाही, ४२ म्हणजे एक्सचेंजच ताणाखाली आहे. आकडा उगमाच्या एक्सचेंजपर्यंत परत येतो, तिथेच ग्राहकाला टोन किंवा निरोप ऐकवता येतो आणि लांबची वाहिनी लगेच मोकळी होते. त्याआधीच्या एमएफसी पद्धतीत आकडे सुरांच्या रूपाने आवाजाच्याच वाहिनीवरून जात. नागपूरचा फोन व्यस्त आहे एवढे कळायलाही पुणे-नागपूर वाहिनी अडकून पडे.

भाराचे दुखणे आपल्याकडे फार जुने. १९६० च्या दशकात बेल्जियमच्या बीटीएम कंपनीकडून पेंटाकॉन्टा क्रॉसबार एक्सचेंजचे तंत्र भारताने घेतले आणि बंगळुरूच्या आयटीआयने ती बनवायला घेतली. महानगरांत ती कोलमडू लागली. युरोपात घरटी फोन, म्हणून दर फोनमागे कॉल थोडे. इथे फोन मोजके आणि एकेका फोनवर वाडा नाहीतर अख्खे ऑफिस. मूळ आराखड्याने असा वापर गृहीतच धरला नव्हता. शेवटी आपल्या अभियंत्यांनी त्यात फेरफार करून भारतीय क्रॉसबार तयार केले. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगने १९१७ मध्ये भार आणि वाहिन्यांचे गणित मांडले होते. भाराचे एकक आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. पण गणितात घालायचा आकडा मात्र प्रत्येक देशाने आपापला मोजायचा असतो.

सीसीएस सेव्हन रचणाऱ्यांनी मोडतोड गृहीतच धरली. दोन ठिकाणांमध्ये एकाहून जास्त लिंक ठेवायच्या आणि कोणतीही पूर्ण भरायची नाही. अमेरिकी नियमांत मर्यादा ०.४ एर्लांग, म्हणजे क्षमतेच्या चाळीस टक्के. जोडीची लिंक पडली तर दुसरीवर ऐंशी टक्के भार येईल, तरी ती तगेल. हिशेब पाहणाऱ्याला साठ टक्के जागा वाया गेल्यासारखी वाटते. लिंक तुटते त्या दिवशी तीच जागा कामाला येते.

लिंक पडली हे कळते कसे? प्रत्येक लिंकवर एक मोजणी चालू असते. सदोष निरोप आला की आकडा एकाने चढतो, दर २५६ निरोपांमागे एकाने उतरतो. तो ६४ ला पोचला की लिंक बाद. मग 'चेंजओव्हर' सुरू होतो, आणि साऱ्या यंत्रणेतली देखणी कारागिरी इथे दिसते. प्रत्येक निरोपावर ० ते १२७ पैकी एक क्रमांक असतो. पाठवणारे टोक पोच येईपर्यंत निरोपाची प्रत जपून ठेवते. लिंक तुटल्यावर दोन्ही टोके दुसऱ्या वाटेने एकमेकांना एवढेच सांगतात, 'माझ्याकडे अमुक क्रमांकापर्यंत आले.' त्यापुढच्या प्रती नव्या लिंकवर चढतात. एकही निरोप हरवत नाही, दोनदा जात नाही, क्रमही बदलत नाही. सगळे सेकंद-दोन सेकंदांत उरकते. बोलणाऱ्यांचा आवाज वेगळ्या वाहिनीवर असल्याने त्यांना पत्ताही लागत नाही.

लिंकच नव्हे, पुढचा सारा मार्गच बंद पडला तर? निरोपांची वाटणी करणारी एसटीपी नावाची केंद्रे जोडीने बसवलेली असतात. एका केंद्राला नागपूरची वाट उरली नाही की ते शेजाऱ्यांना टीएफपी पाठवते: 'नागपूरचे निरोप माझ्याकडे धाडू नका.' विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोड बंद असतो, तेव्हा पाटी बेलबाग चौकात लावून भागत नाही, ती स्वारगेटलाच लावावी लागते. टीएफपी ही तशी आधीच लावलेली पाटी. मार्ग मोकळा झाला की टीएफए येतो. मग वाहतूक लगेच परत वळवत नाहीत. क्षणभर निरोप रोखून धरतात, जुन्या वाटेवरचे पोचू देतात आणि मगच वळवतात, नाहीतर मागचा निरोप पुढे आणि पुढचा मागे.

वाट शाबूत आहे पण गर्दी मावत नाही, ही अवस्था सर्वांत अवघड. लिंकपाशी निरोपांची रांग ठरलेल्या खुणेवर गेली की उगमाला टीएफसी जातो आणि तिथले एक्सचेंज नवे कॉल टप्प्याटप्प्याने कमी करते. मंडळाच्या निकालाचा दिवस आठवा. दहावी-बारावीच्या राज्य मंडळाचे मुख्यालय पुण्यात. राज्यभरातून एकाच क्रमांकावर कॉल तुटून पडले तर त्या एक्सचेंजवरचे दवाखाने, अग्निशामक दल, सगळ्यांचेच फोन बंद पडतील. उपाय कॉल गॅपिंगचा: त्या क्रमांकासाठी ठरावीक अंतराने एकच कॉल पुढे सोडायचा, बाकीच्यांना जळगावला जळगावातच, लातूरला लातुरातच थांबवायचे. अर्ध्या वाटेवर मेलेल्या कॉलनेही वाटेतल्या प्रत्येक यंत्राचे श्रम खाल्लेले असतात. शिवाय नकार मिळालेला माणूस पुन्हा डायल करतो. एकाचे तीन, तिनाचे दहा होतात आणि यंत्राची सारी शक्ती न लागणाऱ्या कॉलवर खर्च होते.

या यंत्रणेचीच चाल तिच्यावर उलटल्याचा दाखलाही आहे. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टीचे न्यूयॉर्कमधले एक एक्सचेंज काही सेकंद स्वतःला सावरून पुन्हा सुरू झाले आणि कामाला लागल्याचे निरोप त्याने शेजाऱ्यांना धाडले. नव्या सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीमुळे लागोपाठ आलेल्या त्या निरोपांनी शेजारी अडखळले. तेही सावरले, त्यांनीही तसेच निरोप पाठवले. ११४ एक्सचेंजमध्ये ही साथ पसरली आणि सुमारे नऊ तास दूरचे निम्मे कॉल लागेनात. तार कुठे तुटली नव्हती.

मोबाइल आला तसे निरोप कैक पटींनी वाढले. बिर्ला एटी अँड टीने १९९७ मध्ये महाराष्ट्रात सेवा सुरू केली. तिचीच पुढे आयडिया झाली आणि तिचे मुख्य कार्यालय एरंडवण्यात होते. मोबाइल जागा बदलतो तेव्हा निरोप, एसएमएस म्हणजे निरोप आणि मिस्ड कॉल तर निव्वळ निरोप. मिस्ड कॉलमध्ये आयएएम जातो, एसीएम येतो, आरईएल होतो. फक्त पैशांचा एएनएम येत नाही. 'पोचलो की मिस्ड कॉल दे' या आपल्या सवयीने कंपन्यांची यंत्रे वर्षानुवर्षे फुकट राबवली.

अनंत चतुर्दशीला अलका चौकात फोन लागत नाही, तो का? टूजीत आवाजाच्या वाहिन्या भरण्याआधीच सिग्नलिंगची वाहिनी भरे. अशा वेळी टॉवरकडे एक हत्यार असते. प्रत्येक सिममध्ये ० ते ९ पैकी एक वर्ग नोंदलेला असतो. गर्दी हाताबाहेर गेली की टॉवर काही वर्गांना थोडा वेळ प्रवेश नाकारू शकतो. ११ ते १५ हे वर्ग सुरक्षा यंत्रणा आणि आपत्कालीन सेवांसारख्यांसाठी राखलेले.

फोरजीत सीसीएस सेव्हनची जागा डायमीटर आणि सिप या भाषांनी घेतली. जुने धडे त्यांनाही गिरवावे लागले. डायमीटरसाठी अतिभार कळवण्याची पद्धत २०१५ मध्ये वेगळी ठरवावी लागली. इकडे जानेवारी २०२० अखेर बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकदम बाहेर पडले. लिंक उतरल्याचा अलार्म वाचून कोणती वाट मोकळी आहे हे तोंडपाठ सांगणारी पिढी त्यांत होती. तिचे ज्ञान कुणी लिहून ठेवायला हवे.

आपल्या हातात एक गोष्ट आहे. पूर, स्फोट किंवा विसर्जनाच्या गर्दीत फोन लागला नाही, तर लागोपाठ डायल करू नका. दोन ओळींचा एसएमएस टाका. तो लगेच गेला नाही तर थोडे थांबून पुन्हा टाका. एसएमएस केंद्रात पोचला की तो तिथे थांबतो आणि वाट मिळताच पुढे जातो. आपण सोडून दिलेल्या वाहिनीवर कुणाचा तरी ११२ चा कॉल लागेल.