पाचशे मीटरच्या बाहेर

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, जेमतेम ७५ मीटर खोल पाण्यात, फेब्रुवारी १९७४मध्ये ‘सागर सम्राट’ या जपानी बनावटीच्या रिगला तेल लागलं. मे १९७६मध्ये या ‘बॉम्बे हाय’ क्षेत्राचं उत्पादन सुरू झालं. आज ते क्षेत्र म्हातारं झालंय. त्याचं घसरतं उत्पादन सावरण्यासाठी ओएनजीसीने जानेवारी २०२५मध्ये बीपी या ब्रिटिश कंपनीला मदतीला घेतलं. शिवाय पूर्वी बंद असलेला सुमारे १० लाख चौरस किलोमीटर समुद्र केंद्राने तेलशोधासाठी मोकळा केला आहे. गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणणाऱ्या देशाला हे का करावंसं वाटतं, ते सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

विहिरी खोदूच नयेत, असं माझंही म्हणणं नाही. पण ‘विकास की पर्यावरण’ या ठरीव भांडणात समुद्रावर पोट असलेला माणूस हरवतो.

डोलीचा मच्छीमार मासळीमागे धावत नाही. तळात खुंट रोवून तो जाळं एका जागी बांधतो. भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील, जवळा आपसूक आत येतात. तेलशोधाच्या सर्वेक्षणाचं जहाज मात्र दाबलेल्या हवेचे बार पाण्यात उडवत, मागे काही किलोमीटर लांबीच्या केबल ओढत, आखलेल्या रेषेत जातं. तळाखालच्या थरांवरून परतणारा आवाज त्या केबल टिपतात. वाटेत जाळं नको, म्हणून सोबतच्या बोटी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगतात. ट्रॉलर होईल बाजूला. रोवलेला खुंट कुठे जाणार? पालघरकडच्या मच्छीमारांची भरपाईची मागणी यातूनच आली आहे. प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटर प्रवेशबंदी असते ती वेगळीच, आणि मासळीला नेमका त्याच लोखंडी पायांचा आसरा आवडतो.

पैशाचं गणित राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ने सोडवून टाकलंय: समुद्रतळाखालची संपत्ती केंद्राची. जमिनीवरच्या विहिरींची रॉयल्टी गुजरात, आसामला मिळते. ‘बॉम्बे हाय’ची महाराष्ट्राला मिळत नाही.

जोखीम मात्र समुद्रावर असेल त्याची. २७ जुलै २००५ रोजी ‘बॉम्बे हाय’मधल्या एका जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली. त्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर चढवायला जहाज जवळ आलं, लाटांत भरकटलं आणि वायूच्या उभ्या नळीवर आदळलं. आगीत अख्खा प्लॅटफॉर्म गेला, २२ माणसं गेली. मे २०२१मध्ये तौक्ते वादळात तेलक्षेत्रातल्या कामगारांचा ‘पी-३०५’ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ जण होते, बहुतेक कंत्राटी. वादळाचा इशारा आधीच आलेला होता.

मार्च २०२५मध्ये संसदेने १९४८चा तेलक्षेत्र कायदा बदलला. गुंतवणूकदारांना दीर्घ मुदतीची हमी मिळाली. नियमभंगासाठी असलेली सहा महिन्यांपर्यंतची कैद गेली आणि २५ लाखांपर्यंतचा दंड आला. उल्लंघन चालूच राहिलं तर वर दिवसाला १० लाखांपर्यंत. समुद्रातल्या एका रिगचं एका दिवसाचं भाडं बरेचदा २५ लाखांहून जास्त असतं.