सामायिकानंतर कंबर का धरते?

स्थानकात अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक पूर्ण होते, श्रावक-श्राविका उठू लागतात आणि साठी ओलांडलेल्या अनेकांचा हात आपसूक कमरेवर जातो. बसलेले असताना विशेष त्रास नसतो. उभे राहताना मात्र शरीर सरळ होत नाही. अशा वेळी आपण दोष वयाला देतो. काहीजण तर सामायिकच सोडून देतात. बँकेच्या खुर्चीत उमेद घालवलेला मीही त्याच वाटेवर होतो. निवृत्तीनंतर एका फिजिओथेरपिस्टने कमरेऐवजी जांघेवर बोट ठेवले, तेव्हा उलगडा झाला.

कमरेच्या मणक्यांपासून निघून, ओटीपोटाच्या आतून खाली येत मांडीच्या हाडाला जोडला जाणारा ‘सोआस’ नावाचा स्नायू आहे. खुब्यातून पाय वर उचलणे हे त्याचे मुख्य काम. आपण बसतो तेव्हा तो आखूड स्थितीत राहतो. पिंपरीहून चाकणला कंपनीच्या बसमध्ये बसायचे, तेथे संगणकासमोर बसायचे, घरी येऊन दूरचित्रवाणीसमोर बसायचे. अशा दिनक्रमात त्याला पूर्ण लांब होण्याची संधीच मिळत नाही. मग उभे राहताना तो मणक्यांना पुढे ओढतो आणि कंबर व खुबा दुखू लागतो. प्रत्येक कंबरदुखीचे मूळ हेच असते असे नाही; परंतु तपासून पाहणे सोपे आहे. पलंगाच्या कडेशी उताणे निजून एक गुडघा छातीशी धरावा. दुसऱ्या पायाची मांडी गादीवरून वर उचलली जात असेल, तर जांघ आखडली आहे असे समजावे.

उपाय साधा आहे. घडी केलेल्या घोंगडीवर उजवा गुडघा टेकवावा, डावे पाऊल पुढे ठेवावे आणि हाताने खुर्चीचा आधार घ्यावा. प्रथम उजवा कुल्हा आवळून घ्यावा, मग कंबर मागे न वाकवता सर्व शरीर किंचित पुढे न्यावे. उजव्या जांघेत हलका ताण जाणवला की तीस सेकंद थांबावे. श्वास रोखू नये. दोन्ही बाजूंनी दोन-तीन वेळा करावे. गुडघा टेकवत नसेल, तर उभ्यानेच एक पाय मागे नेऊन हेच करावे.

आधार घेण्यात कमीपणा नाही. १९३७ साली पुण्यात आलेल्या योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, दोर, पट्टा, लाकडी ठोकळे आणि घोंगड्या वापरून ताठरलेल्या शरीरांनाही आसने साध्य करून दिली.

मात्र खुब्याचे प्रत्यारोपण झालेले असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, पडल्यानंतरची वेदना, ताप ही लक्षणे असल्यास प्रथम डॉक्टर गाठावा. लघवीवरील ताबा सुटल्यास तर क्षणाचाही विलंब नको.

आपल्या मंदिरांतील तीर्थंकरांच्या मूर्ती प्रायः दोनच मुद्रांत असतात : पद्मासनात बसलेल्या आणि कायोत्सर्गात सरळ उभ्या. आपल्या दिवसात मात्र बसणेच उरले आहे. सामायिकानंतर घाईने चप्पल शोधण्याऐवजी भिंतीच्या आधाराने दोन मिनिटे जांघ मोकळी करावी. काही आठवड्यांच्या नियमाने मला पुन्हा विनासायास उठता येऊ लागले आणि सुटू पाहणारे सामायिक टिकले.