खोलण्याआधीची चौकशी

जुन्या शेव्हर्लेवर हौसेने काम करणाऱ्या अमेरिकन माणसाला घरच्या गॅरेजात इंजिन खोलायची भीती वाटत नाही. कार्ब्युरेटर, ब्रेक, डिफरन्शियल तो स्वतः करतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सपाशी मात्र भलेभले थबकतात आणि तो सरळ एखाद्या दुकानात नेऊन देतात. तरीही ज्याला घरी हात घालायचाच असतो तो बहुधा एकाच गिअरबॉक्सपासून सुरुवात करतो. तो म्हणजे जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रामॅटिक 350. तो सहज मिळतो, सुटे भाग स्वस्त असतात, गिअर तीनच आणि कॉम्प्युटर नाही.

1969च्या मॉडेलांपासून हा गिअरबॉक्स बाजारात आला. शेव्हर्ले आणि ब्यूक या दोन विभागांनी मिळून तो तयार केला होता. त्याआधी शेव्हर्लेच्या साध्या गाड्यांना 1950पासून दोनच गिअरांचा पॉवरग्लाइड असे. नवा तीन गिअरांचा डबा पुढची अनेक वर्षं कमारो, नोव्हा आणि पिकअप ट्रकांखाली बसत राहिला. गाडीखाली वाकून तो ओळखायचा तर तळाचं तेलाचं ताट बघावं. ते जवळजवळ चौकोनी असतं, एक कोपरा तिरका कापलेला, बोल्ट तेरा.

आत काय आहे? इंजिनाच्या मागे टॉर्क कन्व्हर्टर. तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे द्यायची ही युक्ती जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगरची, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. ती त्याने शोधली जहाजांसाठी. त्यामागे दोन प्लॅनेटरी गिअरसंच, दोघांना मिळून एकच सन गिअर. ही रचना हॉवर्ड सिम्प्सनच्या नावाने ओळखली जाते. क्रायस्लरने 1956च्या टॉर्कफ्लाइटमध्ये ती वापरली, मग फोर्डने आणि जनरल मोटर्सनेही. पहिल्या गिअरचं प्रमाण 2.52, दुसऱ्याचं 1.52, तिसऱ्यात सगळा संच एकत्र फिरतो. गिअरचे दाते कधीच एकमेकांपासून सुटत नाहीत. कोणता भाग धरायचा आणि कोणता सोडायचा एवढंच बदलतं, आणि धरण्या-सोडण्याचं काम मुख्यतः क्लच करतात.

आपल्याकडे 2014मध्ये मारुती सेलेरिओबरोबर एएमटी आली आणि ऑटोमॅटिक म्हणजे तीच, असा अनेकांचा समज झाला. तिच्यात नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. 350चा मामला निराळा आहे. इथे निर्णय तेल घेतं. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा दाब गव्हर्नर देतो. इंजिनावर किती भार आहे ते मॉड्युलेटर नावाची डबी इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून ओळखते. हे दोन्ही दाब व्हॉल्व्ह बॉडीत एकमेकांना भिडतात आणि जो जिंकेल तसा गिअर पडतो. व्हॉल्व्ह बॉडी उलटी करून पाहिली तर वारूळ उभं कापल्यासारख्या नागमोडी वाटा दिसतात. त्या वाटांमध्ये पाव इंच व्यासाच्या लहानशा पोलादी गोळ्या ठरलेल्या जागीच बसवायच्या असतात. बांधताना त्या गळून पडू नयेत म्हणून व्हॅसलीनमध्ये चिकटवतात. साधं ग्रीस चालत नाही. ते तेलात विरघळत नाही आणि बारीक वाटा तुंबवतं. व्हॅसलीन गरम तेलात निघून जातं.

तर असा गिअरबॉक्स माणसाने बांधला, गाडीला चढवला, इंजिन सुरू केलं आणि गाडी नीट चालेना. पहिली ऊर्मी येते ती पुन्हा उतरवून खोलण्याची. माझ्या मते हीच सगळ्यात महागडी चूक. पन्नास-पंचावन्न किलोचं धूड पाठीवर झोपून उतरवायचं म्हणजे एक दिवस गेला, आणि खोललं की पुरावाही गेला. झिजलेल्या गिअरबॉक्सचा दोष हळूहळू वाढत आलेला असतो. नुकत्याच बांधलेल्याचा दोष हातातून आलेला असतो. कुठली तरी वस्तू उलटी, कोरडी, फाटलेली किंवा अर्धवट बसलेली असते. म्हणून गाडी जमिनीवर आहे तोवर तिला प्रश्न विचारून घ्यावेत.

सुरुवात तेलापासून करावी, कारण ते फुकट तपासता येतं. ताट भरेल एवढंच तेल ओतून थांबणारे खूप. कन्व्हर्टर कोरडा असला तर इंजिन सुरू होताच पंप ताटातलं तेल तिकडे ओढतो. गाडी दोन हात पुढे सरकते आणि मग गप्प. तेल मोजायचं ते इंजिन चालू ठेवून, गाडी गरम करून, पार्कमध्ये. जास्त झालं तरी वाईट. फिरते भाग ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही. जाता जाता याच लाल तेलाची एक गोष्ट. 1949च्या ‘टाइप ए’ तेलात घर्षण नेमकं राखण्यासाठी स्पर्म व्हेलचं तेल मिसळलेलं असे. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने त्यावर बंदी घातली आणि तेलवाल्यांना पर्याय शोधावा लागला. आज मिळणाऱ्या डेक्सरॉनमध्ये देवमासा नाही.

तेल बरोबर असून कुठल्याच गिअरमध्ये गाडी हलत नसेल आणि पुढून किंकाळी येत असेल, तर जीव धास्तावतो. कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये सरकवताना तो तीनदा आत बसावा लागतो. दोनदा शाफ्टांच्या खाचांवर, तिसऱ्यांदा पंपाच्या गिअरमध्ये. तिसरा ठोका न ऐकता बोल्ट आवळून इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांकडे ओढले की पंपाचा गिअर तडकतो. जुळवल्यावर, बोल्ट लावण्याआधी, इंजिनामागची फ्लेक्सप्लेट नावाची पातळ चकती आणि कन्व्हर्टर यांत तीन ते पाच मिलिमीटर फट राहायला हवी. ती नव्हती आणि तरीही आवळलं असेल, तर पुढची चौकशी व्यर्थ, उतरवावाच लागेल.

खरी गंमत पुढे आहे. गाडी चालते, पण अर्धवट. अशा वेळी एकच क्लच अनेक गिअरांत कामाला येतो हे लक्षात ठेवावं. फॉरवर्ड क्लच पुढच्या तिन्ही गिअरांत लागतो. डायरेक्ट क्लच तिसऱ्यात आणि रिव्हर्समध्ये. लो-रिव्हर्स क्लच रिव्हर्समध्ये आणि लिव्हर ‘एल’वर असताना. म्हणजे काय बिघडलं याइतकंच काय नीट चालतं हेही विचारायचं. रिव्हर्स ठीक आणि पुढे काहीच नाही? फॉरवर्ड क्लच. ‘डी’मध्ये गाडी हलत नाही पण ‘एल’मध्ये उचलते? ‘डी’च्या पहिल्या गिअरात भार धरतो तो एका दिशेनेच अडणारा रोलर क्लच, तो उलटा बसलाय किंवा त्याचे रोलर निसटलेत. न्यूट्रलमध्येच गाडी पुढे रांगते आणि रिव्हर्समध्ये जखडते? फॉरवर्ड क्लच सुटतच नाही. त्याच्या प्लेटांमधली फट फीलर गेजने मोजायची राहिली.

गिअर उशिरा आणि धक्का देत पडत असतील तर खाली झोपण्याआधी मॉड्युलेटरची रबरी नळी बघावी. ती निखळली किंवा चिरली की डबीला व्हॅक्यूम मिळत नाही आणि गिअरबॉक्सला वाटतं, ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर पुरता दाबलाय. आतला पडदा फाटला तर इंजिन त्याच नळीतून तेल ओढतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. वेग वाढला तरी पहिल्यातून दुसरा पडतच नाही, तर संशय गव्हर्नरवर. तो बाजूच्या गोल झाकणाखाली असतो आणि गिअरबॉक्स न उतरवता निघतो. त्याचा लहान गिअर प्लॅस्टिकचा आहे. दाते गेलेले दिसले की उत्तर मिळालं.

मग प्रेशर गेज. केसवर त्यासाठी प्लग दिलेलाच आहे. तीनशे पीएसआयपर्यंतचा गेज लावून प्रत्येक गिअरमध्ये वाचन घ्यावं. मॉड्युलेटरची नळी काढली की दाब वाढला पाहिजे, रिव्हर्समध्ये आणखी वाढला पाहिजे. दाब सगळीकडेच कमी असेल तर पंप, फिल्टर किंवा गास्केट. एकाच गिअरमध्ये कोसळत असेल तर त्या गिअरच्या वाटेवर गळती. ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायची स्टॉल टेस्टही लोक करतात. पाच सेकंदांपुढे ती केली तर नव्या प्लेटा तिथेच जळतात, म्हणून मला ती घरच्या माणसासाठी पटत नाही.

घरी बांधलेल्या 350मध्ये नेहमी भेटणारं दुखणं असं: पहिला-दुसरा झकास, तिसऱ्यात इंजिन नुसतंच गुरगुरतं, रिव्हर्स लुळा. दोन्हीकडे सामाईक एकच, डायरेक्ट क्लच. त्याला तेल पंपाच्या दांड्यावरच्या सीलिंग रिंगांमधून मिळतं, म्हणून त्या तुटल्यात का हा एक प्रश्न. दुसरा, ड्रममधल्या पिस्टनच्या लिप सीलचा. या सीलची पातळ कड दाबाच्या दिशेला तोंड करून असते. पिस्टन आत ढकलताना ती दुमडली किंवा कापली गेली तर बाहेरून काहीच कळत नाही. जाणकार त्यासाठी गिटारच्या बारीक तारेचा फास तांब्याच्या नळीत ओवून हत्यार करतात आणि कड फिरवत फिरवत आत घालतात. तेल भरपूर लावतात, घाई करत नाहीत.

आता मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पण कुठे बघायचं हे ठाऊक असतं. पुन्हा बांधताना व्हॉल्व्ह बॉडी चढवण्याआधी केसमधल्या प्रत्येक क्लचच्या तेलवाटेत बेताच्या दाबाने कॉम्प्रेसरची हवा सोडावी. पिस्टन धप्प आवाज करून प्लेटा आवळतो आणि हवा थांबवली की सोडतो. नुसती फुसफुस ऐकू आली तर सील अजून गळतंय आणि गिअरबॉक्स अजून टेबलावरच आहे.