विश्लेषण : मोबाइलच्या स्क्रीनवर काळा डाग का पडतो? तो दुरुस्त होतो का?

फोन हातातून पडतो, काच फुटत नाही आणि दोन दिवसांनी स्क्रीनच्या कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा काळा डाग दिसू लागतो. फोन सुरू असल्याने अनेक जण त्याकडे दुर्लक्ष करतात. मात्र काही डाग महिनोन्‌महिने तेवढेच राहतात, तर काही थोड्याच दिवसांत संपूर्ण स्क्रीन व्यापतात. फोटो, ओटीपी आणि बँकेचे व्यवहार फोनवरच असल्याने डागाचा प्रकार वेळीच ओळखणे महत्त्वाचे ठरते.

डाग पडतो कशामुळे?

एलसीडी स्क्रीनमध्ये दोन पातळ काचांच्या मध्ये लिक्विड क्रिस्टलचा थर असतो आणि मागच्या बॅकलाइटमुळे चित्र दिसते. आतल्या काचेला तडा गेला की हे द्रव पसरते आणि काळा डाग उमटतो. ओएलईडी किंवा ॲमोलेड स्क्रीनमध्ये बॅकलाइट नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो. त्यासाठी वापरलेले सेंद्रिय पदार्थ हवा आणि ओलावा सहन करू शकत नाहीत, म्हणून ते हवाबंद केलेले असतात. फोन पडल्यावर वरची काच शाबूत राहिली तरी आतल्या थराला बारीक तडा जाऊ शकतो. त्यातून हवा शिरते, पिक्सेल निकामी होतात आणि डाग वाढत जातो. फोन मागच्या खिशात ठेवून बसल्याने किंवा गर्दीत दाबला गेल्यानेही असे होऊ शकते.

डागाचा प्रकार कसा ओळखावा?

आधी स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर पाहावा. त्यात डाग दिसला नाही, तर दोष सॉफ्टवेअरचा नसून स्क्रीनचा आहे. त्यानंतर पूर्ण पांढरे आणि मग एकरंगी चित्र उघडून पाहावे.

* सुईच्या टोकाएवढा, न वाढणारा काळा ठिपका : हा ‘डेड पिक्सेल’ असू शकतो. १०८० × २४०० रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर सुमारे २६ लाख पिक्सेल असतात, त्यातला एखादा बंद पडला तरी वापरात अडचण येत नाही. ठिपका लाल, हिरवा किंवा निळा असेल, तर तो ‘स्टक पिक्सेल’ असतो. वेगाने रंग बदलणाऱ्या ॲपमुळे तो कधी कधी सुटतो, काळा ठिपका मात्र सुटत नाही.
* कडेला जांभळट छटा असलेला, पसरणारा डाग : ओएलईडी पॅनेल आतून फुटल्याचे हे लक्षण आहे. तो थांबवता येत नाही.
* कीबोर्ड, नकाशा किंवा बटणांची पुसट सावली : हे ‘बर्न-इन’. दिवसभर पूर्ण ब्राइटनेसवर नकाशा सुरू ठेवणारे रिक्षाचालक आणि डिलिव्हरी करणारे यांच्या ओएलईडी फोनमध्ये याचा धोका जास्त असतो. ब्राइटनेस कमी ठेवल्यास त्याचा वेग कमी होतो.
* मधोमध डाग आणि कडेने वर आलेली स्क्रीन : बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. असा फोन चार्जिंगला लावू नये, दाबू नये. तो बंद करून थेट सेवा केंद्रात न्यावा.

सर्वांत आधी काय करावे?

बॅटरी फुगलेली नसेल, तर फोन रिस्टार्ट करण्याआधी बॅकअप घ्यावा. रिस्टार्टनंतर पिन किंवा पॅटर्न टाकावाच लागतो, केवळ बोटाच्या ठशाने फोन उघडत नाही. तोवर डाग आकड्यांवर पसरला किंवा टच बंद पडला, तर सर्व माहिती आत अडकते. फोटो आणि संपर्क क्लाउडवर किंवा संगणकावर घ्यावेत, व्हॉट्सॲपचा बॅकअप स्वतंत्रपणे घ्यावा. टच बंद, पण चित्र दिसत असेल, तर अनेक अँड्रॉइड फोनना ओटीजी अडॅप्टरने माउस जोडून काम चालवता येते.

घरगुती उपाय चालतात का?

डाग बोटाने दाबणे, त्यावर हेअर ड्रायर फिरवणे, टूथपेस्ट घासणे किंवा फोन तांदळात ठेवणे, यातल्या कशानेही फुटलेले पॅनेल जुळत नाही. दाबल्याने तडा वाढतो, उष्णतेने आतला गोंद सैल होतो आणि टूथपेस्टने काचेवर ओरखडे पडतात.

डिस्प्ले बदलताना काय पाहावे?

फक्त वरची काच फुटली असेल, तरच काच बदलून भागते. आत काळा डाग असेल, तर पूर्ण डिस्प्ले, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत ‘फोल्डर’ किंवा ‘कॉम्बो’, बदलावा लागतो. तो मूळ कंपनीचा आहे की ‘कॉपी’, हे आधी विचारून बिलावर लिहून घ्यावे. ॲमोलेडऐवजी स्वस्त एलसीडी बसवल्यास स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट सेन्सर बहुतेक वेळा चालत नाही. आयफोन ११ पासूनच्या मॉडेलमध्ये डिस्प्ले मूळ नसल्यास सेटिंग्जमध्ये तशी सूचना दिसते. दुरुस्तीला देताना पिन सांगण्याऐवजी फोनमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ किंवा ‘रिपेअर मोड’ असल्यास तो सुरू करावा.

वॉरंटी मिळते का?

फोन पडल्याने किंवा दाबल्याने झालेले नुकसान साधारणपणे वॉरंटीत बसत नाही, त्यासाठी वेगळा विमा किंवा संरक्षण योजना असावी लागते. मात्र काहीही आघात झालेला नसताना डाग आला असेल, तर बिल आणि तारीख दिसेल असे फोटो घेऊन अधिकृत केंद्रात लेखी तक्रार नोंदवावी आणि तपासणीचा अहवाल मागावा. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. सेवा केंद्रे, सुटे भाग आणि वॉरंटी यांची माहिती एकत्र मिळावी यासाठी केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले आहे. दुरुस्तीचा खर्च मान्य करण्यापूर्वी तेही पाहून घ्यावे.